वजन बरोबर होतं, तरी लाइन थांबवली

बीएस्सी केमिस्ट्री करून मला पहिली नोकरी लागली ती डायपरच्या फॅक्टरीत, क्वालिटी कंट्रोलला. गोव्यातल्या बार्देश तालुक्यातली एक इंडस्ट्रियल इस्टेट, मी राहायला डिचोलीला, कंपनीची बस मुळगाव अस्नोडा करत जायची आणि फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे साडेपाचला नाक्यावर उभं राहावं लागायचं. घरी सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "त्यात तपासायचं काय असतं गो? भिजलं की बदलायचं." तेव्हा माझ्याकडेही उत्तर नव्हतं. आता या कामात चार वर्षं झाली आणि कोणी विचारलं तर मी थांबतच नाही, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढूया, खास करून ती जुलैमधली नाइट शिफ्ट, कारण हे काम मला खरं कळलं ते त्या रात्री.

पहिल्या दिवशी लॅबच्या सरांनी दोन बीकर घेतले, दोन्हीत चमचाभर, म्हणजे मोजून १ ग्रॅम सॅप टाकलं. सॅप म्हणजे सुपर अ‍ॅब्सॉर्बंट पॉलिमर, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, दिसायला बारीक मिठासारखं पांढरं. एका बीकरमध्ये २०० मिली डिस्टिल्ड वॉटर ओतलं, दुसऱ्यात तेवढंच मिठाचं पाणी. पाच-दहा मिनिटांनी पहिला बीकर त्यांनी उलटा केला तर एक थेंब खाली पडला नाही, सगळ्याचं घट्ट जेल झालेलं. दुसऱ्या बीकरमध्ये खाली थोडा गोळा आणि वर पाणी तसंच हलत होतं. मी बघतच राहिले. सरांनी समजावलं की सॅपच्या आत सोडियमचे आयन कोंडलेले असतात, त्यांच्यामुळे बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, पण बाहेरच्या पाण्यातच मीठ असलं की आत-बाहेरचा फरक कमी होतो आणि ओढही कमी होते. आणि बाळाची शू खारट असते. म्हणून आमची प्रत्येक टेस्ट लिटरला ९ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यानेच होते, साध्या पाण्याने केली तर खराब डायपरसुद्धा झकास पास होईल. जाहिरातीत ते निळं पाणी ओततात ना, ते बघितलं की आता माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो की यात मीठ आहे का.

पहिले दोन आठवडे मी फक्त डायपर फाडले. खरंच, दिवसाला शंभरेक. वरचं मऊ कापड ते टॉपशीट, नॉनवोव्हन म्हणजे न विणलेलं, पॉलिप्रॉपिलीनचं असतं, त्यातून ओल खाली जाते. त्याच्याखाली एडीएल नावाची फुगीर पट्टी, तिचं काम म्हणजे शू एकाच जागी न ठेवता पटकन पुढे-मागे पसरवायची. मग कोअर, म्हणजे डायपरचं पोट, त्यात फ्लफ पल्प आणि सॅप एकत्र. फ्लफ म्हणजे पाइनच्या लाकडाचा लगदा, पुठ्ठ्यासारख्या जाड रोलमध्ये येतो आणि मशीनमधली हॅमर मिल त्याचा पिंजून पिंजून कापूस करते. त्याच्याभोवती टिश्यूसारखं कोअर रॅप, खाली ओल बाहेर न जाऊ देणारं बॅकशीट, मांड्यांशी उभे राहणारे कफ, आत लायक्राचे ताणले जाणारे धागे, कमरेला टेप, पुढे ती टेप जिथे चिकटते ती फ्रंटल टेप, आणि हे सगळं धरून ठेवणारा हॉटमेल्ट गोंद. हातात एखादा डायपर आला की डोळे मिटून थर ओळखता आले पाहिजेत अशी सरांची अट होती, आणि महिनाभरात ते यायला लागलं.

लाइन मिनिटाला ३५० पीस काढायची. जुनं मशीन होतं म्हणून, नवी मशीनं याहून बरीच फास्ट असतात. दर अर्ध्या तासाला मी ट्रे घेऊन लाइनवर जायचे, सलग पीस उचलायचे, वजन करायचं, लांबी-रुंदी, कोअर मधोमध बसलाय की सरकलाय, टेप सरळ लागलीय का, कफ दोन्ही बाजूंनी चिकटलाय का, डाग, किडा, केस, तेलाचा ठिपका. रोज तेच तेच. पण एकदा एका पीसमध्ये टॉपशीटच्या खाली लाल टिकली सापडली होती. कोणाच्या कपाळावरची पडली आणि कुठून आत गेली देव जाणे, पण त्या दिवसापासून लाइनवर टिकली बंद, बांगड्या बंद, मंगळसूत्र आत ठेवून वरून एप्रन. बायकांना वाईट वाटलं, मलाही वाटलं, चवथीच्या दिवसांत बिना-टिकलीचं कामावर यायचं म्हणजे कसंतरीच. पण ती टिकली हातात घेतल्यावर कोणी वाद घातला नाही. आणि पावसाळ्यात किड्यांचं टेन्शन वेगळंच, पहिला पाऊस पडला की संध्याकाळी पंखवाले किडे लाइटवर झुंडीने येतात हे गोव्यात कोणाला सांगायला नको, त्यामुळे जूनमध्ये दारांवरचे पडदे आणि किडे पकडायच्या यूव्ही मशीनचे ट्रे आम्ही दिवसातून दोनदा बघायचो.

काही टेस्ट लॅबमध्ये बसून. टेप ओढून किती जोरात सुटते ते मशीनवर मोजायचं, पुन्हा लावून पुन्हा ओढायची, कारण आई एकदाच लावत नाही, मध्ये उघडून बघते. लायक्राची एक टेस्ट असते, डायपर पूर्ण ताणून पाटीवर पिना मारायच्या, धाग्यावर दोन खुणा करून तिथे कापायचं आणि अंगाच्या गरमीएवढ्या ओव्हनमध्ये चार तास ठेवायचं, धागा खुणेपासून किती आत सरकला ते बघायचं. जास्त सरकला म्हणजे गोंद कमी पडलाय किंवा त्याचं टेम्परेचर गडबडलंय, म्हणजे बाळ रात्री झोपलं की मांडीपाशी डायपर सैल पडणार. मेटल डिटेक्टर चालतो की नाही ते बघायला शिफ्टच्या सुरुवातीला लोखंड, स्टील आणि पितळेचे बारीक तुकडे घातलेले टेस्ट पीस लाइनवरून सोडायचे, तिन्ही बाहेर फेकले गेले तरच सही करायची.

पण माझी खरी टेस्ट रीवेट. ही मला सगळ्यात आवडते आणि मला वाटतं डायपरचं खरंखोटं हीच सांगते.

डायपर टेबलावर सपाट ताणून लावायचा. मधोमध एक नळी ठेवायची, त्यातून ६० मिली मिठाचं पाणी सोडायचं, ते आत जायला किती सेकंद लागले ते स्टॉपवॉचवर. दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा ६०. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा ६०. म्हणजे बाळाने रात्रीत तीनदा शू केली असं समजा. मग परत दहा मिनिटं थांबून, आधी वजन करून ठेवलेले फिल्टर पेपर त्या ओल्या जागेवर ठेवायचे, वर वजनाचा ठोकळा, म्हणजे बाळ त्यावर बसलंय असं. दोन मिनिटांनी ठोकळा उचलून पेपरचं परत वजन करायचं. पेपर जेवढे जड झाले तेवढं पाणी वर परत आलं. तेच पाणी बाळाच्या कातडीला लागणार. चांगल्या डायपरमध्ये पेपर हातात घेतला तर कोरडाच वाटतो, काट्यावर ०.१, ०.२ ग्रॅम येतं. आमची लिमिट होती १ ग्रॅम. ही टेस्ट एका पीसला पाऊण तास खाते त्यामुळे दर दोन तासांनी करायची, आणि नाइटला मी एकटीच असायचे म्हणून तेवढंच जमायचं.

त्या वर्षी माझ्या भावाचा मुलगा सहा महिन्यांचा होता. वहिनी रात्री त्याला आमच्याच कंपनीचे डायपर घालायची, मीच आणून द्यायचे. आणि त्याला जुलैच्या सुरुवातीला मांडीत लाल रॅश आला. डॉक्टर म्हणाले पावसाळ्यात होतं, ओल राहते, हवा लागू द्या, वेळेवर बदला, आणि तीन-चार दिवसांत गेलाही. डायपरमुळे आला असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नव्हता. पण तो रडताना बघितला होता आणि ते डोक्यात राहिलं.

तर ती रात्र. पाऊस असा की शेडच्या पत्र्यावर आवाजाने बोललेलं ऐकू येत नव्हतं. दहाच्या सॅम्पलचं रीवेट आलं ०.२. बाराचं ०.४. दोनचं ०.७. तिन्ही पास. वजनं बघितली तर एकदम रेषेत, ३१ ग्रॅमच्या आसपास, उलट नेहमीपेक्षा छान. रजिस्टरमध्ये लिहिलं, सही केली, आणि पेन खाली ठेवलं तरी मन लागेना. आकडे लिमिटमध्ये होते पण चालले कुठे होते? दोन तासांनी चारचं सॅम्पल घ्यायचं तोपर्यंत ४२ हजार पीस निघणार. मी थांबले नाही, पावणेतीनच्या आत तीन पीस एकदम उचलून आणले आणि तीन टेबलांवर एकत्र लावले. वेळ कमी म्हणून मधले थांबे दहाच्या जागी पाच मिनिटांचे केले, आणि तुलनेला हवं म्हणून दहा वाजताचा राखून ठेवलेला एक पीसही तसाच लावला. दहाचा आला ०.३. नवे तीन आले ०.८, १.३, ०.९.

सुपरवायझरना बोलावलं. माणूस चांगला, वीस वर्षं मशीनवर काढलेला, मला बाय म्हणायचे. ते म्हणाले, "बाय, टेस्ट तू पद्धतीप्रमाणे केलीच नाहीस, पाच मिनिटं थांबलीस. पद्धतीने केलेली दोनची पास आहे. सकाळी ट्रक भरायचा आहे." त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. ऑपरेटरही आला, तो म्हणाला, "मॅडम, वजन सारकें आसा, मशीन कित्याक बंद करपाचें?" मी म्हटलं दहाचा पीसपण पाचच मिनिटं थांबवला, तो ०.३ का आला मग? यावर कोणी काही बोललं नाही, पण लाइनही कोणी थांबवली नाही. मी सरांना फोन लावला, रात्रीचे सव्वातीन, पहिल्याच रिंगला उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "वजनाचं सोड. पिशवीत फाडून हलव."

ही आमच्या शॉपफ्लोअरची साधी ट्रिक आहे. पारदर्शक झिप पिशवीत फक्त कोअर घालायचा, तोंड बंद करायचं, बाहेरून हातांनी त्याचे बारीक तुकडे करायचे आणि पिशवी तिरकी धरून जोरात हलवायची. सॅपचे दाणे जड, ते खाली कोपऱ्यात जमतात, कापूस वर राहतो. सगळे सुटत नाहीत पण दोन पिशव्या शेजारी धरल्या की फरक दिसतो. मी दहाची आणि तीनची अशा दोन पिशव्या केल्या आणि लाइटबॉक्ससमोर धरल्या. दहाच्या पिशवीच्या कोपऱ्यात दाण्यांचा चांगला ढीग. तीनच्या पिशवीत तो उघड उघड कमी, आणि कापूस मात्र पिशवीभर फुगलेला. सुपरवायझरनी दोन्ही पिशव्या माझ्या हातातून घेतल्या, स्वतः परत हलवल्या, परत बघितल्या. मग काही न बोलता लाइनवर गेले आणि स्टॉपचं बटण दाबलं. साडेतीन वाजले होते. मशीन थांबल्यावर पावसाचा आवाज एकदम अंगावर आला.

मग सॅपची नळी काढून खाली बादली धरली आणि फक्त सॅपचा फीडर एक मिनिट चालवला. एका पीसमध्ये ११ ग्रॅम सॅप धरलं तर ३५० पीसचं मिनिटाला ३ किलो ८५० ग्रॅम पडायला पाहिजे. पडलं ३ किलो १००. म्हणजे पीसला ९ ग्रॅमसुद्धा नाही. वरून हॉपरवर, म्हणजे सॅप भरायच्या टाकीवर, रबरी हातोडीने ठोकलं तर आवाज बद्द, झाकण उघडून टॉर्च मारला तर आत सॅपने कमान धरली होती, कडेचे दाणे ओल्या साखरेसारखे एकमेकांना चिकटलेले आणि मधल्या बारीक वाटेने उरलेलं खाली येत होतं. सॅपला पाणी ओढायचंच काम, ते हवेतलंही ओढतं. शोधत गेलो तर शटरजवळच्या जंबो बॅगेचं आतलं प्लास्टिक लायनर बांधलेलं नव्हतं, संध्याकाळी कंटेनर उतरवायला शटर उघडं ठेवलेलं, आणि पाऊस हा असा. स्टोअरमधला ह्युमिडिटी मीटर ८९ दाखवत होता.

आता वजन बरोबर कसं, हा प्रश्न. ऑपरेटर दादाने प्रामाणिकपणे सांगितलं, साडेबाराच्या सुमारास त्याला वजन थोडं खाली जाताना दिसलं म्हणून त्याने पल्पचा स्पीड वाढवला, दीडला अजून थोडा. त्याला शिकवलेलं तसंच त्याने केलं होतं. त्यात पल्पही दमट हवेने थोडा जड. काट्याला कापूस काय आणि सॅप काय, दोन्ही सारखेच, काटा फक्त ग्रॅम सांगतो. पण बाळाला सारखे नाहीत. कापूस पाणी पितो ते स्पंजसारखं, दाबलं की परत देतो. सॅप पाणी आत घेऊन जेल होतं आणि वर बसलं तरी सोडत नाही. पीसमागे २ ग्रॅम सॅप कमी म्हणजे मिठाच्या पाण्याच्या हिशोबाने ५०-६० मिली कमी धरलं जाणार, लहान बाळाची एक अख्खी शू. ती शू कापसात राहणार आणि बाळ कुशीवर वळलं की वर येणार. पहिल्या शूला कळणारसुद्धा नाही, दुसऱ्यालाही नाही. पहाटेच्या तिसऱ्या शूला कळेल, जेव्हा घरात सगळे झोपलेले असतात.

होल्ड, म्हणजे शंकेचा माल बाहेर न सोडता अडवून ठेवणं, तो घालायचा तर कुठपासून, यावर पहाटे परत बोलणं झालं. सुपरवायझर बारापासून घाला म्हणाले. पण नियम असा की शेवटच्या ज्या सॅम्पलबद्दल आपली खात्री आहे तिथपर्यंत मागे जायचं, आणि माझी खात्री दहाच्या सॅम्पलची होती, बाराच्या ०.४ ची नव्हती. दहा ते साडेतीन, म्हणजे १ लाख १५ हजारांवर पीस. तेवढ्या पॅलेटना मी आणि एक हेल्पर मिळून लाल होल्ड टॅग लावत फिरलो, हात थरथरत होते माझे, कारण हा सगळा माल माझ्या एका सहीने अडकणार होता आणि मी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. सकाळी ट्रक अर्धा रिकामा गेला. मॅनेजर आले, रजिस्टर बघितलं, पिशव्या बघितल्या, मला फक्त "घरी जाऊन झोप" म्हणाले. मी दुसऱ्या शिफ्टची बस निघेपर्यंत लॅबमध्येच बसून होते, कँटीनमधून कोणीतरी भाजी-पाव आणून दिला तो तसाच थंड झाला.

पुढचे तीन दिवस सगळ्या लॅबने मिळून होल्डचा माल तपासला. आमच्या प्रत्येक पाकिटावर तारीख, शिफ्ट, मशीन आणि वेळ मिनिटापर्यंत छापलेली असते, त्यामुळे दर दहा मिनिटांच्या मालातून पीस काढून पद्धतशीर रीवेट लावता आलं. बारा चाळीसपर्यंतचा माल ठीक निघाला, तो सोडला. तिथून पुढचा साडेतीनपर्यंतचा, साठ हजारांच्या आसपास, सगळा फाडायला गेला. त्यातले बरेच पीस टेस्टला पास झाले असते हे मला माहीत आहे, ०.६, ०.८ असे. पण एकाच मिनिटातला एक पीस ०.७ आणि शेजारचा १.४ येत होता, कारण कमानीतून सॅप कधी पडायचं कधी अडकायचं, आणि अशा मालात कुठलं पाकीट कुठल्या घरात जाईल हे कोण ठरवणार? मला आजही तो निर्णय बरोबर वाटतो. आणि तो घेणाऱ्यांबद्दल मनात आदर आहे, नुकसान छोटं नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच गोष्टी बदलल्या. सॅपची बॅग उघडली की लायनर बांधायची वेगळी सही आली, सॅपची जागा शटरपासून लांब आत हलवली, तिथे डीह्युमिडिफायर बसवला. पावसाळ्यात शिफ्टला दोनदा बादली धरून सॅप मोजायचं ठरलं. ऑपरेटरने पल्पचा स्पीड बदलला की आधी लॅबला फोन, मग बदल. आणि रीवेटचे आकडे नुसते रजिस्टरमध्ये न लिहिता भिंतीवरच्या चार्टवर ठिपक्यांनी भरायचे, म्हणजे वर चढणारी रेष लांबूनही दिसते. बाळांच्या डायपरसाठी बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, स्टँडर्ड २०२१ मध्ये आलं, आयएस १७५०९, आणि कागदावर सगळं पाळणं लागतंच. पण स्टँडर्ड लिमिट सांगतं. लिमिटच्या आत आकडा सरकायला लागला तर ते बघायला लॅबमध्ये माणूसच लागतो.

एक कंप्लेंट सांगते, कारण यावर आयांना खूप भीती वाटते. पेडण्याहून एका बाईंचा फोन होता, डायपर काढला तर बाळाच्या अंगाला काचेसारखे चिकट दाणे लागलेले, त्यांना वाटलं काच किंवा केमिकल आहे, रडायलाच आल्या होत्या. ते सॅपचं जेल होतं. कोअर रॅप फाटला किंवा टॉपशीटला बारीक भोक पडलं की ते बाहेर येतं. ओल्या कापडाने हळूच पुसून काढायचं, बाळाच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही, आणि घाबरायचं नाही. पण आमच्याकडून तो डिफेक्टच होता, मोठा. त्यांनी सुदैवाने पाकीट टाकलं नव्हतं, कोड वाचून दाखवला, त्या मिनिटाचे राखलेले पीस काढले तर टॉपशीट उजेडावर धरल्यावर सुईने टोचल्यासारखी भोकं दिसली. कोअर दाबणाऱ्या रोलचं प्रेशर जास्त झालं होतं, सॅपचे टोकदार दाणे दाबले जाऊन वर टोचत होते. रोल सेट केला, पुढचा माल चांगला आला. मी त्या बाईंना स्वतः फोन करून कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस, मी चार दिवस झोपले नाही."

भाच्याचं म्हणाल तर तो आता बिनाडायपरचा घरभर धावतो. वहिनीला मी तेव्हाच सांगितलं होतं, डायपर कितीही चांगला असो, शी झाली की लगेच काढ, आणि नुसती शू असली तरी रात्रभर एकच ठेवू नको, कमरेपाशी दोन बोटं जातील एवढा सैल बांध, पावसाळ्यात दिवसातून थोडा वेळ तसाच उघडा राहू दे. आणि वापरलेला डायपर गुंडाळून, कागदात किंवा पाकिटातून येणाऱ्या पाऊचमध्ये घालून वेगळा द्यायचा, ओल्या कचऱ्यात नाही. पाऊच द्यायला कंपन्यांना २०१६ च्या घनकचरा नियमांतच सांगितलं होतं. कचरा वेगळा करणाऱ्या बायका हाताने ते उचलतात, आमच्या वाड्यावर येते ती ताई मला ओळखते, तिने एकदा सांगितलं तेव्हापासून मी आजूबाजूच्या सगळ्यांना सांगत सुटते.

आणि एक शेवटचं, हे मात्र मनापासून मागते. डायपर संपेपर्यंत पाकीट फेकू नका, निदान मागच्या बाजूला छापलेल्या कोडचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गळला, दाणे निघाले, टेप तुटली, वास आला, काहीही असलं तरी कंपनीला तो कोड सांगा आणि जमलं तर तो पीस एका पिशवीत बंद करून ठेवा. नुसतं "तुमचे डायपर गळतात" म्हटलं तर लॅबमध्ये बसलेल्या मुलीला शोधायला जागाच मिळत नाही. कोड असला तर तिला ती रात्र सापडते, ते मशीन, ते मिनिट, आणि त्या मिनिटाचा राखून ठेवलेला पीस कपाटातून काढून ती टेबलावर लावते, नळी ठेवते आणि मिठाचं पाणी मोजायला घेते.